मेगा मॅन ५ इतका ओळखीचा आणि इतका फिका का वाटतो? खेळत राहावं की थेट पुढे जावं?

आठखिडक्या (प्रश्न)

मेगा मॅन या व्हिडिओ गेम मालिकेचे जुने, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावरचे भाग लीगसी कलेक्शन या संचातून क्रमाने खेळतोय. २ आणि ३ फार आवडले, ४ सुद्धा बरा वाटला. ५ चे चार बॉस (लेव्हलच्या शेवटचे मोठे शत्रू) झालेत आणि आता हात थंडावलाय. तेच आठ चेहऱ्यांचं पान, तोच जिना, तेच दार, तीच तब्येतीची २८ खान्यांची उभी पट्टी. पण एवढंच कारण असतं, तर ३ खेळतानाही हाच कंटाळा यायला हवा होता. तो आला नाही. मग ५ मध्ये नेमकं काय बिघडलं?

आणखी एक गोष्ट खटकते. बॉस हरवून मिळालेली शस्त्रं मेनूत नुसती पडून आहेत. बटण दाबून धरायचं, चार्ज झाला की सोडायचं, एवढ्यावर सगळं निभावतं. माझी खेळायची पद्धत चुकतेय, की खेळच तसा रचलाय? आणि उरलेला भाग गोडीने खेळता येईल असा काही मार्ग, काही क्रम असेल तर नीट तपशिलात सांगा. कथेचा उलगडा झाला तरी चालेल.

---

लोखंडी_पान

तुमची पद्धत चुकत नाहीये. खेळच तुम्हाला त्या सवयीकडे ढकलतो. त्यातही आठ बॉस, आठ शस्त्रं आणि शेवटी किल्ला हा साचा दोषी नाही. या मालिकेचं इंजिन साच्यात नव्हतंच, ते होतं निवडीत. कुणाला आधी मारायचं, त्याचं शस्त्र कुठे वापरायचं, आणि त्या शस्त्रामुळे पुढची लेव्हल कशी वेगळी होते, यात खरी गंमत होती. ५ मध्ये साचा शाबूत आहे, निवडीचं मोल मात्र जवळजवळ संपलंय.

मेगा मॅन २ शी ताडून पाहा. तिथे साध्या बस्टरच्या, म्हणजे मेगा मॅनच्या हातातल्या मूळ बंदुकीच्या, जास्तीत जास्त तीन गोळ्या एका वेळी पडद्यावर असतात. तिन्ही हवेत असतील तर बटण कितीही दाबा, चौथी सुटत नाही. बस्टर एवढा साधा असल्यामुळे मेटल मॅनची आठ दिशांना फेकता येणारी पाती हाती आली की खेळ बदलल्यासारखा वाटतो. एअर मॅनकडून आयटम-२ मिळतो, म्हणजे आडवी उडणारी पाटी. ती घेऊन हीट मॅनच्या लेव्हलमधल्या दिसत-नाहीशा होत जाणाऱ्या ठोकळ्यांच्या लांबलचक पट्ट्यावरून सरळ उडून जाता येतं. एका बॉसचं बक्षीस दुसऱ्या लेव्हलचा सगळ्यात अवघड तुकडा सोपा करतं. एवढं एकच उदाहरण पुरे, कारण असा दुवा ५ मध्ये शोधावा लागतो.

३ मध्ये स्लाइड, म्हणजे जमिनीलगत घसरणं, आली आणि रश हा यांत्रिक कुत्रा आला. ४ मध्ये चार्ज शॉट, म्हणजे बटण दाबून धरून सोडलेली मोठी गोळी, आला, आणि तेव्हापासून तराजू एका बाजूला झुकला. ५ मध्ये तोच चार्ज शॉट आणखी मोठा केला. गोळीचा आकार वाढल्यामुळे नेम साधायची गरज कमी झाली. त्याला एनर्जी लागत नाही, मेनू उघडावा लागत नाही, आणि नुकसान सणसणीत. याच्यासमोर बॉसचं शस्त्र उभं करा. त्याची पट्टी संपते, निवडायला मेनूत जावं लागतं आणि भरायला एनर्जीच्या गोळ्या शोधाव्या लागतात. शिवाय एनर्जीची गोळी उचलली की हातात असलेल्याच शस्त्राची पट्टी भरते. बस्टर हातात असेल तर ती गोळी वाया. ही अडचण दूर करणारा एनर्जी बॅलन्सर ६ मध्ये आला, ५ मध्ये तो नाही. सगळा हिशोब बस्टरच्याच बाजूचा, त्यामुळे तुम्ही जे करताय तेच शहाणपणाचं ठरतं.

आता शस्त्रांकडे पाहू. स्टार क्रॅश म्हणजे अंगाभोवती फिरणाऱ्या चांदण्या. २ मध्ये लीफ शील्ड होतं, ४ मध्ये स्कल बॅरियर, पुढे ६ मध्ये प्लांट बॅरियर. ग्रॅव्हिटी होल्ड म्हणजे पूर्ण पडद्यावरच्या शत्रूंना एकदम फटका. ४ मधलं रेन फ्लश तेच करतं आणि ६ मधलं सेंटॉर फ्लॅशही. त्यात ग्रॅव्हिटी होल्डने मेलेले शत्रू काहीच टाकत नाहीत, म्हणजे खर्च झालेली एनर्जी परत मिळवायची वाटही बंद. वॉटर वेव्ह फक्त जमिनीवरून सरकते, मध्ये खड्डा आला की संपली. पॉवर स्टोनचे तीन दगड गोल गोल फिरत बाहेर जातात. समोरच्या शत्रूवर ते लागतील की नाही हे तुमच्या अंतरावर ठरतं, आणि बरेचदा लागत नाहीत. नॅपाम बॉम्ब उसळत पुढे जातो आणि फुटायला वेळ घेतो.

मन लावून वापरावं असं शस्त्र मला यात एकच दिसतं, ते म्हणजे जायरो अटॅक. सोडल्यावर पंखा सरळ जातो, आणि जात असताना वर किंवा खाली दाबलं की एकदा काटकोनात वळतो. वरच्या कट्ट्यावर बसलेल्या शत्रूला खाली सुरक्षित उभं राहून मारता येतं. चार्ज शॉटला हे जमत नाही, म्हणूनच या शस्त्राला किंमत आहे. बाकीची शस्त्रंही अशी, बस्टरला न जमणारं काहीतरी करणारी असती, तर हा भाग आज वेगळा ओळखला गेला असता. क्रिस्टल आयचं काम अर्धवट झालंय. मोठा गोळा भिंतीवर आपटून तीन लहान गोळ्यांत फुटतो, अरुंद बोगद्यात ते छान चालतं, पण तसे बोगदे खेळात पुरेसे ठेवलेच नाहीत.

---

उलटा_खड्डा

शस्त्रांबद्दल लोखंडी_पान यांच्याशी पूर्ण सहमत. लेव्हलबद्दल मात्र ५ ची बाजू घ्यावीशी वाटते, कारण 'सगळं तेच' म्हणताना लोक लेव्हलनाही त्याच ढिगात टाकतात.

ग्रॅव्हिटी मॅनची लेव्हल घ्या. ठरावीक जागा ओलांडली की गुरुत्वाकर्षण उलटतं आणि मेगा मॅन छतावर पाय रोवून चालायला लागतो. उडी मारली की तो खाली जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आता वरची मोकळी जागा हाच खड्डा. पडद्याच्या वरच्या काठातून बाहेर 'पडलात' की गेलात. बोटांना लागलेली सवय तिथे पूर्ण उलटी करावी लागते, तीसुद्धा एकही नवं बटण न वाढवता. लेव्हल रचणाऱ्याने यापेक्षा चांगलं काय करायचं?

स्टार मॅनच्या लेव्हलमध्ये अवकाश आहे, उडी पाण्यातल्यासारखी उंच आणि मंद होते. त्यामुळे छतावरचे काटे धोक्याचे, आणि बटण किती वेळ दाबायचं यावर सगळं अवलंबून. क्रिस्टल मॅनच्या गुहेत वरच्या नळ्यांतून स्फटिक कोसळतात. खाली उभं राहून आधी लय ओळखायची, मग उडी. वेव्ह मॅनकडे अर्ध्या वाटेनंतर पाण्यावरची जेट स्की आहे, पडदा आपोआप सरकत राहतो आणि वाटेत ऑक्टोपस मध्येच आडवा येतो. चार्ज मॅनची लेव्हल अख्खी आगगाडीवर घडते, कधी डब्याच्या आत, कधी टपावर. जायरो मॅनकडे पाय ठेवताच कोसळणारे कट्टे आहेत. स्टोन मॅन आणि नॅपाम मॅन यांच्या लेव्हल साध्याच, त्यांच्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

म्हणजे कल्पना आहेत. मग तरी कंटाळा का? माझं उत्तर असं की कल्पना वापरल्या, पण पिळल्या नाहीत. ग्रॅव्हिटी मॅनच्या लेव्हलमध्ये उलटापालट आहे, पण उलटं असताना करायला लावलेल्या गोष्टी जवळजवळ सुलट्यासारख्याच आहेत. शत्रू एकेकटे, विखुरलेले, मध्ये भरपूर मोकळी जागा. गुरुत्वाकर्षण उलटत असताना, म्हणजे मेगा मॅन हवेत असतानाच, समोर शत्रू आणि बाजूला काटे असा प्रसंग वारंवार यायला हवा होता. प्रत्येक लेव्हलची युक्ती ओळख करून देण्यापर्यंत येते आणि परीक्षा घेण्याआधीच बॉसचं दार लागतं.

दुसरं कारण उदारपणा. ५ मध्ये एक्स्ट्रा लाइफ आणि ई-टँक (तब्येत भरणारे डबे) जागोजागी ठेवलेत. एकूण ९ ई-टँक बाळगता येतात, आणि वर एम-टँक नावाची नवी गोष्ट, जी तब्येत आणि सगळी शस्त्रं एकदम भरते. एवढा साठा जवळ असताना बॉसची चाल शिकायची गरज पडत नाही. फटके खायचे, टँक वापरायचा, पुढे. वेव्ह मॅन पायाखालून पाण्याचे खांब उठवतो आणि आडवा भाला फेकतो, स्टोन मॅन उड्या मारता मारता स्वतःच दगड होऊन विखुरतो आणि पुन्हा जुळतो. या चाली छान बसवल्यात, पण पाहायची सक्ती नसल्यामुळे त्या डोळ्यांआड जातात. दोन बॉसमधला फरक असा पुसला गेला की आठही जण एकच वाटायला लागतात. पुनरावृत्तीची भावना बरीचशी इथून येते असं मला वाटतं.

---

आठखिडक्या

दोघांचेही आभार. 'परीक्षा घेण्याआधी दार लागतं' हे अगदी पटलं. आता माझ्यापुढे चार बॉस बाकी आहेत, पण नव्याने सुरू करायलाही हरकत नाही. शस्त्रं वापरावी लागतील असा क्रम कोणता? आणि लेव्हलमधल्या त्या मेगामॅनव्ही (MEGAMANV) अक्षरांच्या पाट्या गोळा करून मिळणारा पक्षी खटाटोपाच्या लायकीचा आहे का?

---

स्लाइडकर

नव्याने सुरू करणार असाल तर क्रम स्टार मॅनपासून धरा. कमकुवतपणाची साखळी (कोणता बॉस कोणाच्या शस्त्राला हरतो) ५ मध्ये पूर्ण गोल आहे, आठही जण एकाच वर्तुळात येतात, त्यामुळे कुठूनही शिरता येतं. पण सुरुवात कुठून करता यावर मदतीची साधनं किती लवकर मिळतात हे ठरतं.

स्टार मॅन साध्या बस्टरने. त्याच्याभोवती चांदण्यांची ढाल असते, ती तो फेकतो. फेकल्यावर तो उघडा असतो, तेवढ्यात जवळ जाऊन मारा. खोलीत उडी उंच जाते, म्हणून फेकलेल्या चांदण्यांवरून जाताना बटण पूर्ण दाबू नका, नाहीतर खाली यायला उशीर होतो आणि तोवर तो पायाखाली येऊन थांबतो. त्याला हरवल्यावर स्टार क्रॅशबरोबर सुपर ॲरोही मिळतो. हा बाण भिंतीत रुततो आणि त्यावर उभं राहता येतं. उडत असतानाही त्यावर चढून आडवा प्रवास होतो. पाट्या शोधताना हाच सगळ्यात कामाचा, म्हणून तो पहिल्याच बॉसकडून घ्यायचा.

मग स्टार क्रॅश घेऊन ग्रॅव्हिटी मॅन. तो छतावर आणि तुम्ही जमिनीवर, किंवा उलट. गुरुत्वाकर्षण पालटताना दोघं एकमेकांना ओलांडता. बस्टरने मारायचं तर त्या क्षणी त्याच्या रेषेत असावं लागतं. शिवाय तो नेमका डोक्यावर असताना पालट झाली तर टक्कर होते, म्हणून त्याच्या थेट खाली कधीच उभं राहू नका, थोडं बाजूला. स्टार क्रॅश अंगाभोवती असेल तर हीच ओलांडणी तुमच्या बाजूने वळते. बस्टर कमी पडतो आणि शस्त्र खरोखर कामाला येतं अशी ही मोजक्या ठिकाणांपैकी एक जागा.

ग्रॅव्हिटी होल्डने जायरो मॅन. त्याच्या खोलीत ढग आहेत, तो वर जाऊन त्यांच्याआड होतो. ग्रॅव्हिटी होल्डला नेम लागत नाही, पडद्यावर कुठेही असला तरी बसतो. इथे मिळतं जायरो अटॅक आणि त्यासोबत रश जेट, म्हणजे पाठीवर उभं राहून उडता येईल असा रश. म्हणजे तिसऱ्या बॉसलाच सुपर ॲरो आणि रश जेट दोन्ही हातात. उरलेल्या पाच लेव्हल या दोघांसह खेळता येतात, आणि हा क्रम निवडायचं कारण तेच आहे. क्रम बदलून ही दोन साधनं शेवटी मिळाली, तर ती वापरायला आठांपैकी एकही लेव्हल उरत नाही.

पुढे जायरो अटॅकने क्रिस्टल मॅन, क्रिस्टल आयने नॅपाम मॅन, नॅपाम बॉम्बने स्टोन मॅन, पॉवर स्टोनने चार्ज मॅन, चार्ज किकने वेव्ह मॅन. चार्ज मॅनच्या वेळी पॉवर स्टोन लांबून सोडू नका, दगड बाहेर पसरत जातात आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. तो अंगावर धावून येत असताना, जवळ आल्यावर सोडा. नॅपाम बॉम्ब स्टोन मॅन हवेत असताना वाया जातो. तो जिथे उतरणार त्या जागेकडे आधीच घरंगळवा. चार्ज किक हे वेगळं शस्त्र नाही, ते निवडलं की तुमची स्लाइडच मारक होते. एरवी ते विसरून जायला होतं, पण वेव्ह मॅनच्या अंगातून सरळ घसरत जाताना त्याचं मोल कळतं. वॉटर वेव्ह सगळ्यात शेवटी मिळते, ती किल्ल्यातल्या स्टार मॅनच्या पुनर्भेटीसाठी राखा.

पाट्यांबद्दल. आठ लेव्हलमध्ये प्रत्येकी एक, म्हणून मेगामॅनव्हीची आठ अक्षरं. सगळी मिळाली की बीट हा निळा पक्षी मिळतो. हो, खटाटोपाच्या लायकीचा आहे, आणि तुमच्या कंटाळ्यावर उताराही, कारण पाटी शोधायची म्हणजे लेव्हलकडे नीट पाहावं लागतं. मुख्य वाटेवरून सरळ पळत गेलात तर बऱ्याचशा हुकतात. जिना जिथे दोन वाटांना फुटतो, किंवा कट्टा उगाच उंचावर दिसतो, तिथे थांबा. रश कॉइल, म्हणजे उंच जायला मदत करणारा रश, ५ मध्ये वेगळी चालते हेही ध्यानात ठेवा. रशवर पाय पडला की तो तुम्हाला घेऊन स्वतः वर उडतो, आणि त्याच्या पाठीवरून पुढची उडी तुम्ही घ्यायची. ३ किंवा ४ च्या सवयीने नुसते वर फेकले जाण्याची वाट पाहत राहिलात तर उंची कमी पडते. बॉसच्या दारात शिरण्याआधी मेनूत पाटी आली का हे बघून घ्या.

बीट निवडून सोडला की शत्रू शोधत स्वतः जातो. त्याला त्याची एनर्जी लागते, तेव्हा किरकोळ शत्रूंवर उडवू नका. त्याची खरी जागा शेवटची आहे. मालिकेचा मुख्य खलनायक डॉक्टर वायली कॅप्सूलमध्ये बसून दिसेनासा होतो आणि दुसरीकडेच उगवतो, तिथे बस्टरचा नेम सारखा चुकतो. बीट मात्र त्याला शोधून काढतो आणि भारी पडतो. बीटची पट्टी भरलेली ठेवून त्या खोलीत शिरा.

---

तीन_गोळ्या

स्लाइडकर यांच्या क्रमाला एक जोड सुचवतो. चार्ज शॉट बंद करा. खेळात तशी सोय नाही, नियम स्वतःच पाळायचा. बटण दाबून धरायचं नाही, टिचकी मारून सोडायचं. एवढ्याने ५ चा चेहरा किती बदलतो ते पाहा.

साध्या गोळ्यांना तिनाची मर्यादा आहे हे वर आलंच आहे. त्याचा व्यवहारात अर्थ असा की अंतर हेच तुमचं शस्त्र बनतं. लांबून मारलेली गोळी पडदा ओलांडेपर्यंत जागा अडवून बसते. जवळून मारली की लगेच लागते, जागा मोकळी होते आणि पुढची सुटते. म्हणजे जवळ जाल तेवढा मारा वेगवान, पण धोकाही तेवढाच. चार्ज शॉट असताना हा सौदा अस्तित्वातच नसतो, लांब उभं राहून एकच मोठी गोळी पुरते. चार्ज बंद केला की ढालवाल्या शत्रूला केव्हा मारायचं, कोणाला टाळून पुढे जायचं, हे प्रश्न परत उभे राहतात. जायरो अटॅक आणि क्रिस्टल आय मग आपसूक हातात येतात, कुणी सांगावं लागत नाही.

बॉसवर फरक मोजून पाहायचा असेल तर सोपं आहे. त्याची पट्टी २८ खान्यांची. एक चार्ज शॉट मारून किती खाने गेले ते पाहा, मग त्याच बॉसवर साधी गोळी, मग साखळीतलं शस्त्र. तीन आकडे शेजारी लिहिले की लोखंडी_पान काय म्हणताहेत ते लख्ख दिसतं.

ई-टँकलाही हद्द घाला. आठ लेव्हलमध्ये एकही वापरायचा नाही, किल्ल्यात दोन. बॉसच्या चाली तुम्हाला मग पाहाव्याच लागतील. कलेक्शनमधली वाटेल तिथे सेव्ह करायची सोयही लेव्हलच्या सुरुवातीपुरतीच ठेवा, आणि तुमच्या आवृत्तीत मागे फिरवायची सोय असेल तर तिला हातच लावू नका. ५ आधीच उदार आहे, त्यावर हेही वापरलं तर लेव्हलला तुमच्याकडून काहीच मागता येत नाही.

---

लोखंडी_पान

चार्ज बंद करून खेळा, याला दुजोरा. मालिकेच्या कर्त्यांनीही पुढे हेच केलं. २००८ मध्ये मेगा मॅन ९ आला तेव्हा तो मुद्दाम जुन्या ८-बिट रूपात केला, आणि मेगा मॅनचा चार्ज शॉट व स्लाइड दोन्ही काढून टाकले. बस्टर पुन्हा २ सारखा साधा झाला, आणि शस्त्रांना एकदम काम मिळालं. ५ मधला दोष कुठे होता याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

---

वायलीचा_पत्ता

कथेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पुढे उलगडा आहे.

पुनरावृत्तीची तक्रार कथेला सगळ्यात जास्त लागू पडते, आणि तिथे बचाव करणंही कठीण. ४ मध्ये शत्रू म्हणून डॉक्टर कॉसॅक उभा राहतो. त्याचा किल्ला चार लेव्हलचा. तो सर केल्यावर कळतं की त्याची मुलगी कलिंका वायलीच्या ताब्यात होती म्हणून त्याला हे करावं लागलं. मग वायलीचा किल्ला. ५ मध्ये मेगा मॅनचा निर्माता डॉक्टर लाइट याचं अपहरण होतं, जागेवर मेगा मॅनचा भाऊ प्रोटो मॅन याचा पिवळा स्कार्फ सापडतो, संशय त्याच्यावर. पुन्हा चार लेव्हलचा किल्ला, शेवटी तो प्रोटो मॅन नसून वेष घेतलेला डार्क मॅन निघतो, खरा प्रोटो मॅन शीळ वाजवत येतो, आणि मागे वायली. मग त्याचा किल्ला. ६ मध्ये मिस्टर एक्स नावाचा नवा खलनायक येतो, आणि तो वेषांतर केलेला वायलीच असतो. मग पुन्हा त्याचा किल्ला.

४ मध्ये ही कलाटणी खरी वाटली, कारण कॉसॅकला काहीतरी गमवायचं होतं. ५ मध्ये प्रोटो मॅनवर संशय ही कल्पना खरं तर त्याहून चांगली होती. ३ मध्ये तोच अधूनमधून वाट अडवून लढायचा, त्यामुळे खेळणाऱ्याच्या मनात शंका आधीच पेरलेली. पण लेव्हल खेळताना तो संशय वाढवणारं काहीच घडत नाही. सुरुवातीला एक दृश्य, किल्ल्याच्या शेवटी एक दृश्य, मधल्या आठ लेव्हल कोऱ्या. प्रोटो मॅन एखाद्या लेव्हलमध्ये मदतीला आला असता आणि पुढच्यात त्याचसारखा दिसणारा कुणी अंगावर आला असता, तरी पुरे होतं.

दोन किल्ल्यांच्या रचनेचा त्रास खेळण्यातही जाणवतो. आठ लेव्हल झाल्यावर आणखी आठ, आणि किल्ल्यातल्या लेव्हलना स्वतःची अशी युक्ती फारशी नाही. खेळाचा उत्तरार्ध यामुळे ओढल्यासारखा होतो. आठ लेव्हलनंतर खेळ ३ मध्येही लांबवलाय, तिथे चार जुन्या लेव्हल नव्या मांडणीत परत येतात आणि त्यात डॉक रोबोट २ मधल्या आठ बॉसच्या चाली घेऊन लढतो. पण तिथे ओळखीची जागा मोडकळीला आलेली पाहणं हीच नवलाई होती.

काळाचंही बघा. ३ आला १९९० मध्ये, ४ १९९१ मध्ये, ५ १९९२ मध्ये, ६ १९९३ मध्ये. वर्षाला एक. फॅमिकॉमनंतरचं यंत्र सुपर फॅमिकॉम १९९० मध्येच बाजारात आलं होतं, आणि १९९३ च्या शेवटी मेगा मॅन एक्स त्यावर आला, भिंतीवरून उड्या मारण्यासकट. २ चं कार्ट्रिज २५६ किलोबाइटचं होतं, ५ चं ५१२ चं. म्हणजे जागा दुप्पट झाली, आणि ती गेली चित्रांत आणि लांबीत. चित्रं सुंदर आहेत, जेट स्कीचं पाणी आणि क्रिस्टल मॅनची गुहा फॅमिकॉमवर याहून देखणी फार कुणी काढली नसेल. क्रिस्टल मॅन चाहत्यांच्या स्पर्धेतून आलाय. तो काढणारा युसुके मुराता तेव्हा लहान होता आणि पुढे मोठा मांगा चित्रकार झाला. ४ मधला डस्ट मॅनही त्याचाच.

---

आठखिडक्या

नव्याने सुरू करतो. स्टार मॅनपासून, चार्जशिवाय, आठही लेव्हलमध्ये ई-टँक बंद. एक शेवटची शंका. चार्ज नाही, तर ग्रॅव्हिटी मॅनच्या लेव्हलमध्ये उलटं असताना छतावरच्या शत्रूंना साध्या गोळीने गाठायचं कसं? आणि ५ नंतर ६ लगेच घ्यावा का?

---

उलटा_खड्डा

उलटं झाल्यावर छत हीच तुमची जमीन, त्यामुळे छताला लटकलेले शत्रू तुमच्याच पातळीवर येतात, त्यांना सरळ गोळी लागते. त्रास होतो तो पालटायच्या जागेच्या अलीकडच्या शत्रूंचा. त्यांना सुलटं असतानाच संपवा. पालट होत असताना मेगा मॅन हवेत असतो आणि त्या प्रवासात जो मध्ये येईल त्याच्यावर तुम्ही आदळता. म्हणून उलटवणाऱ्या जागेत शिरण्याआधी एक क्षण थांबा, समोरचा शत्रू पुढे की मागे सरकतोय ते पाहा आणि तो दूर जाताना शिरा. स्टार क्रॅश जवळ असेल तर ती लावूनच शिरा, धडक तिच्यावर जाते.

---

स्लाइडकर

६ घ्या, पण ५ नंतर लगेच नको. मध्ये ९ खेळा. ६ मध्ये चार्ज आहेच, पण रशबरोबर जोडले जाणारे दोन वेष आहेत, एक उडणारा आणि एक ठोसा मारणारा. उडणाऱ्यात चार्ज करता येत नाही आणि दोन्हींत स्लाइड करता येत नाही, त्यामुळे एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं. ठोसा मारणारा वेष फुटणारे ठोकळे फोडून बाजूच्या वाटा उघडतो. चार लेव्हलमध्ये बॉसकडे जायच्या दोन वाटा आहेत आणि बीटची अक्षरं खऱ्या बॉसकडेच मिळतात. एनर्जी बॅलन्सर टॉमाहॉक मॅनच्या लेव्हलमध्ये आहे, तो आधी घ्या, म्हणजे बस्टर हातात असताना उचललेली गोळी सगळ्यात रिकाम्या शस्त्राला जाते.